गोलंदाजीचा भार व संघबांधणी

क्रिकेट, बेसबॉल यांसारख्या खेळांत चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या शरीरावर एका डावात, एका सामन्यात किंवा संपूर्ण हंगामात जो ताण पडतो, त्यास ‘गोलंदाजीचा भार’ म्हणतात. हा भार किती गोलंदाजांत, कोणत्या प्रमाणात व कोणत्या क्रमाने विभागावयाचा याचा विचार करून खेळाडूंची निवड करणे, हा संघबांधणीचा महत्त्वाचा भाग होय. फलंदाज बाद झाला, की त्या डावापुरते त्याचे श्रम संपतात. गोलंदाजाचे श्रम मात्र प्रतिपक्षाचे दहा गडी बाद होईपर्यंत संपत नाहीत. त्यामुळे दीर्घ मुदतीच्या सामन्यांत गोलंदाजांची शारीरिक क्षमता ही संघाची सर्वांत लवकर संपणारी शिल्लक ठरते. प्रस्तुत नोंदीत या विषयाची मूलतत्त्वे देऊन विदर्भाच्या व विशेषतः अकोला-अमरावती भागाच्या क्रिकेटच्या आधारे त्यांचे विवेचन केले आहे [⟶ क्रिकेट, बेसबॉल].

मोजमाप : भाराचे सर्वांत सोपे माप म्हणजे टाकलेल्या चेंडूंची संख्या. क्रिकेटमध्ये ती षटकांत मोजतात. तथापि केवळ सामन्यातील षटके मोजणे पुरेसे नसते; सरावात टाकलेले चेंडूही शरीराच्या हिशेबी धरावे लागतात. शिवाय चेंडूचा वेग, दोन सत्रांमधील विश्रांती, हवामान, मैदानाचा कठीणपणा व खेळाडूचे वय यांचाही विचार करावा लागतो. एकूण संख्येइतकेच महत्त्व तिच्यातील चढउतारास असते. आठवड्यास नियमितपणे ३० षटके टाकणाऱ्या गोलंदाजास ३५ षटके सहसा जड जात नाहीत. परंतु महिनाभर विश्रांती घेतलेल्या गोलंदाजावर एकाएकी तितकाच भार टाकल्यास दुखापतीचा संभव वाढतो. म्हणून अतिश्रमाप्रमाणेच अतिविश्रांतीही अपायकारक ठरू शकते, असे आधुनिक क्रीडावैद्यक मानते.

शारीरिक कारणे : वेगवान गोलंदाज धावत येऊन चेंडू सोडतो, त्या क्षणी त्याचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो आणि शरीराच्या वजनाच्या अनेक पट जोर घोटा, गुडघा व कंबर यांमधून वर जातो. त्याच वेळी पाठीचा कणा मागे वाकलेला, एका बाजूस झुकलेला व पिळलेला असतो. ही क्रिया सहस्रावधी वेळा घडल्याने कमरेच्या खालच्या मणक्यांच्या मागील कमानीस सूक्ष्म तडे जातात. त्यांस ताणजन्य अस्थिभंग म्हणतात. उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्यांत हा भंग बहुधा मणक्याच्या डाव्या बाजूस आढळतो. किशोरवयात व विशीच्या पूर्वार्धात मणक्यांचे अस्थीभवन पूर्ण झालेले नसल्याने या वयाच्या गोलंदाजांस त्याचा धोका अधिक असतो. फिरकी गोलंदाजाची धाव अल्प व वेग कमी असल्याने त्याच्या पाठीवर इतका आघात होत नाही. त्याचा ताण प्रामुख्याने बोटे, खांदा व कंबर यांवर येतो. त्यामुळे तो अधिक षटके टाकू शकतो व त्याची कारकीर्दही बहुधा दीर्घ असते.

बेसबॉलमधील प्रघात : बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात. क्रिकेटच्या गोलंदाजास कोपर ठराविक मर्यादेपलीकडे सरळ करता येत नाही. पिचर मात्र वाकविलेले कोपर वेगाने सरळ करून चेंडू फेकतो. त्यामुळे क्रिकेटमध्ये जो ताण मुख्यत्वे पाठीवर व पायांवर येतो, तो बेसबॉलमध्ये कोपराच्या आतील अस्थिबंधावर व खांद्यावर केंद्रित होतो. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच शरीरातील दुसरा स्नायुबंध बसविला. जॉन १९७६ मध्ये पुन्हा मैदानात उतरला व १९८९ पर्यंत खेळत राहिला. ही शस्त्रक्रिया आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

एकोणिसाव्या शतकात एकाच पिचरवर संपूर्ण हंगाम सोपविण्याची प्रथा होती. १८८४ साली चार्ल्स रॅडबर्न याने एका हंगामात ६७८ डावांहून अधिक चेंडूफेक केली. साय यंग (कारकीर्द १८९०—१९११) याने ७४९ सामने आरंभापासून अखेरपर्यंत एकट्याने पूर्ण केले. पुढे चार व त्यानंतर पाच आरंभिक पिचर आळीपाळीने खेळविण्याची पद्धत रूढ झाली. सामन्याच्या उत्तरार्धासाठी स्वतंत्र बदली पिचर ठेवले जाऊ लागले. अमेरिकेच्या प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. हंगामाच्या बहुतांश काळात संघाच्या कार्यरत यादीत २६ खेळाडू असतात व त्यांपैकी १३ पर्यंत पिचर ठेवता येतात. म्हणजे निम्मा संघ चेंडू फेकण्यासाठीच निवडला जातो. मुलांच्या ‘लिटल लीग’मध्ये वयानुसार चेंडूंची दैनिक कमाल मर्यादा ठरविलेली आहे : ९—१० वर्षांसाठी ७५, ११—१२ वर्षांसाठी ८५ आणि १३—१६ वर्षांसाठी ९५. टाकलेल्या चेंडूंच्या संख्येनुसार पुढील सक्तीच्या विश्रांतीचे दिवसही ठरतात.

क्रिकेटमधील गणित : क्रिकेटमध्ये हा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण अकरा खेळाडूंची यादी सामन्यापूर्वी निश्चित होते आणि दमलेल्या गोलंदाजाच्या जागी ताजा गोलंदाज आणता येत नाही. राखीव खेळाडू क्षेत्ररक्षण करू शकतो, गोलंदाजी नाही. भारतातील अनेकदिवसीय देशांतर्गत सामन्यांत २०२५-२६ च्या हंगामापासून गंभीर दुखापत झालेल्या खेळाडूच्या जागी दुसरा पूर्ण खेळाडू घेण्याची तरतूद करण्यात आली. परंतु ती खेळताना बाहेरून झालेल्या इजेपुरती आहे. स्नायू दुखावणे किंवा पाठ धरणे, या गोलंदाजाच्या नेहमीच्या व्याधी तीत बसत नाहीत.

चार दिवसांच्या सामन्यात दिवसास ९० षटके धरल्यास व संघास दोन दिवस क्षेत्ररक्षण करावे लागल्यास १८० षटके टाकावी लागतात. चार गोलंदाज असल्यास प्रत्येकाच्या वाट्यास सरासरी ४५ षटके, म्हणजे २७० चेंडू येतात. पाच असल्यास ३६ षटके, म्हणजे २१६ चेंडू. एका गोलंदाजाच्या वाढीने प्रत्येकाचा भार पाचव्या हिश्श्याने हलका होतो. परंतु त्यासाठी एक फलंदाज कमी करावा लागतो. पाचवा गोलंदाज की सहावा-सातवा फलंदाज, हा निवड समित्यांचा व रसिकांचा नित्याचा वाद मुळात या गणितातून उद्‌भवतो. फलंदाजी व गोलंदाजी दोन्ही जाणणाऱ्या अष्टपैलू खेळाडूचे मूल्यही यातूनच ठरते.

महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा : जुन्या काळी भार मोजण्याची पद्धत नव्हती, ज्याच्या हातून बळी मिळत, त्याच्याच हाती चेंडू राही. पुण्यात गोऱ्या साहेबांस सरावासाठी गोलंदाजी करून नावारूपास आलेले डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात १०० हून अधिक बळी घेतले. रमेशचंद्र ऊर्फ बापू नाडकर्णी यांनी १९६४ च्या जानेवारीत मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध एका डावात ३२ षटके टाकली; त्यांपैकी २७ निर्धाव होती व केवळ ५ धावा गेल्या. एका टोकाकडून धावा रोखून धरणारा फिरकी गोलंदाज वेगवान सहकाऱ्यांस विश्रांती मिळवून देतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. मुंबईचे पद्माकर शिवलकर चाळिशी उलटल्यानंतरही प्रथम श्रेणीचे सामने खेळत होते. दीर्घकाळ भार पेलणारे हे सर्व गोलंदाज संथगती फिरकीचे होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यांच्या उदाहरणावरून ‘पूर्वीचे गोलंदाज दमत नसत’ असा निष्कर्ष वेगवान गोलंदाजांस लावणे युक्त ठरत नाही.

विदर्भाचे उदाहरण : मध्य प्रांत व वऱ्हाडचा संघ रणजी करंडक स्पर्धेत १९३४-३५ पासून खेळत असे. विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ मध्ये प्रथम उतरला. त्यानंतर साठ वर्षे या संघास विजेतेपद लाभले नाही. २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ या तीन हंगामांत मात्र त्याने करंडक जिंकला. या यशाची अनेक कारणे सांगितली जातात. त्यांपैकी गोलंदाजांच्या पुरवठ्याचे कारण येथे विचारात घेण्याजोगे आहे.

अन्य राज्यांतून व्यावसायिक खेळाडू घेण्याची मुभा प्रत्येक संघास मर्यादित प्रमाणात असते. विदर्भाने ती प्रामुख्याने फलंदाजीसाठी वापरली. पहिल्या दोन विजेतेपदांच्या वेळी मुंबईचे वसीम जाफर व कर्नाटकाचे गणेश सतीश, तर तिसऱ्या वेळी कर्नाटकाचे करुण नायर व दिल्लीचे ध्रुव शोरी संघात होते. गोलंदाज मात्र जवळजवळ सर्व घरचे होते. अनुभवी फलंदाज बाहेरून आणता येतो आणि तो आल्या दिवसापासून धावा करू शकतो. याउलट हंगामभर पुरतील इतके गोलंदाज एकाएकी मिळत नाहीत. ते वर्षानुवर्षे जिल्ह्याजिल्ह्यांतून तयार करावे लागतात. संघबांधणीचा हा विवेक विदर्भाच्या यशात स्पष्टपणे दिसतो.

२०१७-१८ च्या हंगामात चंद्रकांत पंडित हे प्रशिक्षक व फैझ फझल हे कर्णधार होते. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात मध्यमगती गोलंदाज रजनीश गुरबानी यांनी कर्नाटकाचे १२ गडी बाद केले व विदर्भ अवघ्या ५ धावांनी विजयी झाला. इंदूर येथील अंतिम सामन्यापूर्वी उमेश यादव यांस भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर जावे लागले. त्यांच्या जागी अकोल्याचे १९ वर्षांचे आदित्य ठाकरे यांनी प्रथम श्रेणीत पदार्पण केले. गुरबानी यांनी त्या सामन्याच्या पहिल्या डावात हॅट्‌ट्रिकसह ६ बळी मिळविले आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने दिल्लीवर ९ गडी राखून विजय संपादन केला. प्रमुख गोलंदाज अंतिम सामन्याच्या वेळी नसणे ही अनेक संघांच्या दृष्टीने आपत्ती ठरली असती. येथे तिची झळ फारशी जाणवली नाही.

पुढील हंगामात भाराचे हस्तांतर आणखी स्पष्ट दिसते. वायनाड येथील उपांत्य सामन्यात उमेश यादव यांनी केरळचे १२ बळी घेतले व सामना दोन दिवसांतच संपला. त्यानंतर नागपूरच्या अंतिम सामन्यात डावखुरे फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे यांनी सौराष्ट्राचे ११ गडी बाद केले व विदर्भ ७८ धावांनी जिंकला. एका सामन्याचा भार वेगवान गोलंदाजाने, तर दुसऱ्याचा फिरकी गोलंदाजाने उचलला.

२०२४-२५ पर्यंत गुरबानी महाराष्ट्राकडून व सरवटे केरळकडून खेळू लागले होते. तरीही विदर्भ अंतिम सामन्यात पोहोचला आणि प्रतिपक्षात सरवटे होतेच. विदर्भाच्या ३७९ धावांस केरळने ३४२ धावांनी उत्तर दिले. दर्शन नळकांडे, हर्ष दुबे व पार्थ रेखाडे यांनी प्रत्येकी ३ बळी घेतले. सामना अनिर्णित राहून पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भास मिळाला. एकाही गोलंदाजास मोठे यश न मिळता तिघांनी समान वाटा उचलावा, हे संतुलित संघाचे लक्षण होय. तथापि त्याच हंगामाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. डावखुरे फिरकी गोलंदाज हर्ष दुबे यांनी त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजी स्पर्धेतील एका हंगामाचा उच्चांक प्रस्थापित केला. बिहारच्या आशुतोष अमन यांचा पूर्वीचा उच्चांक ६८ बळींचा होता. इतके बळी मिळवावयाचे, तर सामन्यामागून सामना दीर्घ गोलंदाजी करावी लागते. भार विभागणारा संघदेखील यशस्वी गोलंदाजाकडे पुनःपुन्हा वळतो. ही प्रवृत्ती स्वाभाविक आहे; म्हणूनच तिच्यावर नोंदींचा अंकुश असावा लागतो.

अकोला व अमरावती : विदर्भाच्या क्रिकेटचे केंद्र नागपूर असले, तरी वऱ्हाडातील जिल्ह्यांचा त्यातील वाटा वाढता आहे. आदित्य ठाकरे, दर्शन नळकांडे व फलंदाज अथर्व तायडे हे अकोला क्रिकेट क्लबच्या मैदानावर वाढलेले खेळाडू होत. नळकांडे यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध लागोपाठच्या ४ चेंडूंवर ४ गडी बाद केले. भारतीय संघातून खेळलेले यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा हे अमरावतीचे. २०१८ च्या प्रारंभी १९ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत बंगालचा वेगवान गोलंदाज ईशान पोरेल दुखापतग्रस्त झाल्यावर पर्यायी खेळाडू म्हणून आदित्य ठाकरे यांस न्यूझीलंडला पाठविण्यात आले. एका युवा गोलंदाजाची दुखापत ही दुसऱ्याची संधी ठरते, ही या क्षेत्रातील कठोर वस्तुस्थिती आहे.

अमरावतीस व्यायामाची जुनी परंपरा आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने मल्लखांब, लेझीम, कुस्ती व भारतीय मैदानी खेळांचा प्रसार केला. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे प्रात्यक्षिके करून दाखविली. शारीरिक शिक्षणाचे असंख्य शिक्षक या संस्थेतून तयार झाले. गोलंदाजाच्या दृष्टीने या परंपरेचे महत्त्व दुहेरी आहे. पाठ, पोट व मांड्या यांच्या स्नायूंचे बळ वाढल्यास मणक्यावरील ताण सुसह्य होतो. तसेच तालुक्याच्या शाळेत मुलाची गोलंदाजी प्रथम पाहणारा जाणकार बहुधा हाच शिक्षक असतो.

किशोरवयीन गोलंदाजांचा प्रश्न : अत्यधिक भाराचा खरा धोका प्रसिद्ध खेळाडूंस नसून अप्रसिद्ध मुलांस असतो. राष्ट्रीय गोलंदाजाच्या दिमतीस वैद्य, व्यायामतज्ज्ञ व चेंडू मोजणारा सहायक असतो. अकोट किंवा अचलपूरच्या पंधरा वर्षांच्या मुलास यांपैकी काही लाभत नाही. तो शाळेच्या संघाचा प्रमुख गोलंदाज असतो, क्लबसाठी खेळतो, निवड चाचणीस जातो आणि सुटीत टेनिस चेंडूच्या स्पर्धांतही उतरतो. प्रत्येक ठिकाणी त्याची षटके वेगवेगळी मोजली जातात किंवा मुळीच मोजली जात नाहीत. त्याचे शरीर मात्र एकच असते. वऱ्हाडातील उन्हाळा या भारात भर घालतो. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचे तापमान ४०° से. च्या पुष्कळ वर जाते आणि शाळांना सुटी असल्याने शिबिरे व स्पर्धा याच दिवसांत भरतात. घामावाटे पाणी व क्षार गमावलेले स्नायू लवकर थकतात, थकलेल्या गोलंदाजाची शैली बिघडते आणि बिघडलेल्या शैलीचा ताण अखेर पाठीवर येतो.

या संदर्भात उमेश यादव यांची वाटचाल उद्‌बोधक आहे. नागपूरजवळील खाणवस्तीत कोळसा खाणकामगाराच्या घरी वाढलेल्या यादवांनी विशीच्या सुमारापर्यंत मुख्यतः टेनिस चेंडूनेच गोलंदाजी केली. नोव्हेंबर २००८ मध्ये ते प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळले व तीन वर्षांनी भारताच्या कसोटी संघात आले. ५७ कसोटी सामन्यांत त्यांनी १७० बळी घेतले. संघटित क्रिकेटचा भार शरीर परिपक्व झाल्यावर आल्याचा त्यांस लाभ झाला असावा, असा तर्क करता येतो. मात्र एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही.

इंग्लंडमध्ये किशोरवयीन वेगवान गोलंदाजांसाठी सलग सत्रातील व दिवसातील षटकांच्या वयोगटवार मर्यादा दीर्घकाळ प्रचारात आहेत. अशा नियमांचा गाभा सोपा आहे : सलग थोडी षटके, दोन सत्रांत पुरेसे अंतर, आठवड्यात विश्रांतीचे दिवस आणि वर्षातून काही आठवडे गोलंदाजीस पूर्ण विराम. पाठदुखी दोन-तीन दिवसांत न थांबल्यास गोलंदाजी बंद करून वैद्यकीय तपासणी करणे अगत्याचे असते. ताणजन्य अस्थिभंग आरंभी साध्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसत नाही. त्यामुळे ‘चित्र स्वच्छ आहे’ म्हणून मुलास पुन्हा मैदानात उतरविणे धोक्याचे असते.

मतभेद : भार मर्यादित करण्याविषयी जाणकारांत व रसिकांत एकमत नाही. एका पक्षाच्या मते गोलंदाज गोलंदाजी करूनच बळकट होतो. कपिलदेव यांनी १३१ कसोटी सामने खेळताना दुखापतीमुळे एकही गमावला नाही, हे उदाहरण हा पक्ष पुढे करतो. दुसऱ्या पक्षाच्या मते प्रत्येक शरीराची घडण व प्रत्येकाची शैली भिन्न असते व एकाची क्षमता दुसऱ्यास लावता येत नाही. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात जसप्रीत बुमराह यांनी १५१.२ षटके टाकून ३२ बळी घेतले; परंतु अखेरच्या सामन्यात पाठ दुखावल्याने निर्णायक डावात ते गोलंदाजी करू शकले नाहीत. त्यामुळे २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात ते पाचांपैकी तीनच कसोटी सामने खेळतील, असे आधीच ठरविण्यात आले. त्याच मालिकेत मोहम्मद सिराज यांनी पाचही सामने खेळून १८५.३ षटके टाकली, २३ बळी घेतले आणि ओव्हल येथील अखेरची कसोटी भारताने ६ धावांनी जिंकली. सिराज यांच्या पराक्रमाने पहिल्या पक्षास बळ मिळाले. वस्तुतः दोन्ही गोष्टी एकाच तत्त्वाच्या दोन बाजू आहेत. बुमराह यांस विश्रांती देता आली, ती दुसरा समर्थ गोलंदाज उपलब्ध असल्यामुळेच.

भार मर्यादित करणे हा केवळ वैद्यकीय सल्ल्याचा प्रश्न नाही, तर पर्यायी गोलंदाज उपलब्ध असण्याचा प्रश्न आहे. ज्या संघात एकच चांगला गोलंदाज असतो, त्यास विश्रांती देण्याची इच्छा असूनही देता येत नाही. तो जायबंदी होईपर्यंत चेंडू टाकत राहतो. इंदूरच्या अंतिम सामन्यात अकोल्याचा नवोदित गोलंदाज तयार होता, याचे श्रेय त्याच्याइतकेच त्यास वेळेवर घडविणाऱ्या मैदानास द्यावे लागते. गोलंदाजांची संख्या वाढविणे हाच भार हलका करण्याचा टिकाऊ उपाय होय आणि त्याचा आरंभ राजधानीच्या क्रीडागारात नव्हे, तर जिल्ह्याच्या मैदानावर होतो. तेथे प्रत्येक मुलाने शाळा, क्लब व सराव मिळून दर आठवड्यास किती चेंडू टाकले, याची एका वहीत नियमित नोंद ठेवणे हे अत्यल्प खर्चाचे साधन आहे. अशी नोंद असल्यास शिक्षकास किंवा प्रशिक्षकास मुलाच्या हातून चेंडू केव्हा काढून घ्यावा, हे त्याच्या तक्रारीची वाट न पाहता ठरविता येते. निवड हुकण्याच्या भीतीने मुले दुखणे लपवितात, त्यामुळे अशा नोंदीचे महत्त्व अधिकच आहे.